सात आठवड्यांची मैत्रीण

माझ्या पोटच्या पोरीशी मी सात आठवडे एका खोट्या मुलीच्या नावाने बोललो. ही गोष्ट दडवून ठेवून वाचकाला शेवटी धक्का द्यावा, एवढंही माझ्यात आता उरलेलं नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची, दहावीत. मी सत्तेचाळीसचा, चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागाचा प्रमुख, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारा माणूस. हे लिहू का, असं मी तिला विचारलं तेव्हा तिने दोन अटी घातल्या. कोणाचंही नाव यायला नको, आणि लिहिताना मी स्वतःला चांगलं दाखवायचं नाही. दुसरी अट पाळायला मला फारसे कष्ट पडणार नाहीत.

आम्ही तंजावरकडचे मराठी. घरातली मराठी जुन्या वळणाची, तिच्यात तमिळ मिसळलेली, आणि बोलण्याची चाल तर सगळी तमिळच. माझे वडील चेन्नईत गिंडीला एका छोट्या कारखान्यात कारकून होते. लहानपणी मला वाटायचं, जगातली सगळी मराठी माणसं आमच्यासारखीच बोलत असणार. मग नोकरीच्या सुरुवातीची चार वर्षं पुण्याजवळ काढली. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये मी तोंड उघडलं आणि टेबलावरचे पाचही जण हसले. वाईट मनाने हसले असंही नाही. एकाने तर "परत बोल ना, परत बोल," असा आग्रह धरला. जुन्या नाटकातले दिवाणजी वेश न बदलता जेवायला येऊन बसलेत, असं काहीतरी त्यांना वाटलं असावं. हसतील त्याचे दात दिसतील, असं माझी आई म्हणायची. मला ते दात चार वर्षं दिसत राहिले.

मग मी माझी भाषा घासूनपुसून काढली. खोलीचं दार लावून मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचो. परत चेन्नईला आलो तोवर माझी मराठी इतकी स्वच्छ झाली होती की पुण्याची माणसं मला पुण्याचाच समजत. आणि परगावाहून गोवर घेऊन यावं तशी ती मी घरी आणली. बायकोही आमच्यातलीच. तिला काही झालं नाही. पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "तुमची ती पुण्याची भाषा चपलांपाशी ठेवून आंत यावें." लागण झाली ती मुलीला.

ती बोलायला लागली तशी मी दुरुस्त करायला लागलो. जेवताना, शाळेची पिशवी भरताना, देवळात जाताना. प्रेमानेच करत होतो, असं मला वाटायचं. माझ्यावर हसले तसं हिच्यावर कोणी हसू नये, एवढंच मनात होतं. ती दहा वर्षांची असताना एकदा शाळेतली काहीतरी गंमत सांगायला धावत आली. एका वाक्यात मी तिला तीनदा अडवलं. चौथ्यांदा तिने सुरुवातच केली नाही. "ओण्णुम इल्ल, अप्पा," म्हणाली, काही नाही, अप्पा, आणि आत गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी तमिळमध्येच बोलते. मी लोकांना सांगायचो, काय करणार, चेन्नईतली पोरं, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तमिळ, मराठी टिकणार कशी? लोक माना डोलवायचे. कोणीही मला विचारलं नाही की ती आईशी मराठीत कशी बोलते.

आता वेलचेरीच्या आमच्या वसाहतीबद्दल. चार इमारती, बहुतेक लोक आयटीतले, सगळ्यांच्या घरी एखाददुसरं मूल आणि माणशी एक फोन. तिसऱ्या इमारतीतल्या एका आठवीच्या मुलीला कोणा अनोळखी माणसाने फसवलं. मैत्री केली, फोटो मागवले, मग धमक्या दिल्या. पोलीस आले तेव्हा कुठे आईबापांना कळलं. वसाहतीत एकच गोंधळ उडाला. कोणी मुलांचे फोन कपाटात कोंडले, एका गृहस्थाने तर घरातल्या वायफायची तारच कात्रीने कापली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या ऑफिसच्या मीटिंगसाठी नवी आणली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर विचारलं, मुलांनी हे सगळं नीट कसं वापरावं यावर पालकांशी कोणी बोलेल का? मी ताबडतोब हो म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी यादी केली. खातं खाजगी ठेवायचं. आपण कुठे आहोत हे फोनला सांगू द्यायचं नाही. अनोळखी माणसाची विनंती घ्यायची नाही. शाळेच्या गणवेशातला फोटो टाकायचा नाही. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला, आईबापांचेसुद्धा. या यादीत चूक काही नव्हती, आजही नाही. बायकोकडे यादी नव्हती. ती संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालायला फोन बघणाऱ्या मुलीशेजारी बसायची आणि म्हणायची, "आज काय हासूं आलें, दाखव की." मुलगी दाखवायची. दोघी खिदळायच्या. मध्येच एखादी घाणेरडी कॉमेंट निघाली तर तीही तशीच, हसता हसता, आईच्या नजरेखालून जायची आणि तिचं काय करायचं ते दोघींचं ठरायचं. मी बायकोला म्हणालो, "ही काय पद्धत झाली? नोंद नाही, तपासणी नाही." ती म्हणाली, "तपासणी करायास ती काय गाडीचा पार्ट आहे?" मला ते फारसं चांगलं उत्तर वाटलं नव्हतं.

आमच्या कारखान्यात एक रीत आहे. तपासणीचा माणूस जागा आहे की झोपेत माल पुढे ढकलतोय हे पाहायचं असेल तर आम्ही मुद्दाम एक खराब भाग चांगल्या मालात सोडतो. त्याला ससा म्हणतात. ससा पकडला गेला तर माणूस पास. सुटला तर नापास. एक नियम मात्र कडक असतो: पकडला जावो की सुटो, पाळी संपायच्या आत ससा परत काढून घ्यायचा. तो तसाच आत राहिला तर गाडीत बसतो, आणि गाडी रस्त्यावर जाते.

मला वाटलं, नुसत्या याद्या वाचून दाखवण्यापेक्षा खरी तपासणी करून दाखवावी. आणि तपासणीला दुसऱ्याचं मूल घेणं काही बरं नाही. इतकी मला नीतीची चाड होती.

कंपनीच्या बसमधून घरी यायला दीड तास लागतो. त्या बसमध्ये मी खातं उघडलं. नाव एका मुलीचं, पुण्याची, दहावीतली, फोटोच्या जागी एक मांजर. मुलीचं स्वतःचं खातं आहे हे मला बायकोने सांगितलं होतं. त्यावर काय आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. उघडून पाहिलं तर त्यावर हातांची चित्रं होती. शेअर ऑटोत दांडी धरलेले हात, भाजीची पिशवी मांडीवर सांभाळणारे हात, लोकलमध्ये झोपेतही डबा धरून ठेवणारे हात. सगळी पेन्सिलची. चित्र काढणं तिने सहावीतच सोडलं, असं मी माझ्या बहिणीला सांगून बसलो होतो. बस पूनमल्लीच्या वाहतुकीत अडकली होती आणि मी माझ्या मुलीची चित्रं पहिल्यांदा बघत होतो, तेही मांजराचा मुखवटा लावून.

आता हे नीट सांगायला पाहिजे, कारण माझी खरी लाज इथे आहे. पहिल्यांदा मी लिहिलं, तुझी चित्रं मस्त आहेत, मैत्री करशील का? तिने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. तिने इंग्रजीत विचारलं, आपण एकमेकींना कुठून ओळखतो? मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. तिने लिहिलं, सॉरी, मी न भेटलेल्या लोकांशी बोलत नाही. झालं. ससा पकडला गेला होता. तिला हे कोणी शिकवलं? कपड्यांच्या घड्या घालता घालता तिच्या आईने. प्रामाणिक तपासनीस असतो तर मी तिथेच खातं बंद केलं असतं आणि त्या संध्याकाळी तिच्यासाठी अडयारहून पिस्त्याचं आइस्क्रीम घेऊन आलो असतो.

मला राग आला. आपला ससा इतक्या सहज पकडला गेला याचा. मग मी ससा सुधारला. लिहिलं, तुझ्या आडनावावरून तू तंजावरकडची वाटतेस, माझी आजीही तिकडचीच होती, तुमच्यासारखं बोलायची, डांगर पचडी करायची. ती गेली आणि आमच्याकडे कोणालाच ते येत नाही. मला शिकवशील?

डांगर पचडी म्हणजे उडदाच्या पिठाचं दह्यातलं कालवण. डांगर महाराष्ट्रातही करतात, पण 'डांगर पचडी' हे नाव तिकडे कोणाच्या तोंडी नसतं. कोणत्याही भामट्याला ते सुचलं नसतं. बाहेरच्या माणसाला जे दार उघडत नव्हतं, ते मी घरातली किल्ली वापरून उघडलं, आणि वर कुलूप कच्चं आहे असा शेरा मारला.

पाच मिनिटांत उत्तर आलं. रोमन अक्षरांत, पण मराठीत. "अय्यो! डांगर पचडी? खरेंच?"

पाच वर्षांनी माझ्या मुलीने मला लिहिलेलं ते पहिलं मराठी वाक्य.

त्यानंतर तिला आवरच राहिला नाही. ती रोज लिहायची, शाळेतून आल्यावर, माझी बस श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्याला लागायच्या सुमाराला. कुठल्या वस्तूला आमच्यात काय म्हणतात ते सांगायची, स्वतःला आलं नाही तर आईला विचारून सांगायची. मी घरी पोचायचो तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अम्मा, ह्याला काय म्हणायाचें? आणि तुझे अम्मा काय म्हणत होते?" मी हॉलमध्ये पेपर उघडून बसायचो आणि कान तिकडे. घर मराठीने भरून गेलं होतं. उठून आत जावं, ओट्याला टेकून उभं राहावं, मलाही एखादा शब्द विचारू द्यावा, यात काय अवघड होतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी सोफ्यावरून उठत नव्हतो आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये तेच सगळं मांजराच्या नावाने वाचत होतो.

तिसऱ्या आठवड्यात तिने लिहिलं, "घरांत अम्माकडे बोलत्यें. अप्पांकडे तमिळच. बोलायाचे आधींच ते चूक धरतात. मग मला भीति." आणि त्याच्या खाली, "तूं एकलीच मला हासत नाहींस."

मी फोन पालथा घातला. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने विचारलं, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, बस लागतेय.

जेवताना ती आईशी बोलली तरी मी मध्येच दुरुस्त करायचो, ते त्या दिवसापासून बंद केलं. एवढं एक काम तरी त्या ससेगिरीतून चांगलं झालं म्हणावं, तर आठवड्याने तिने मैत्रिणीला लिहिलं, "अप्पा हल्लीं चूक काढत नाहींत. त्यांस बरें नाहीं कीं काय." मी बसमध्ये मोठ्याने हसलो. मला ते आवडायला लागलं होतं, हे सांगितलंच पाहिजे. ती मला जे कधी सांगणार नव्हती ते सगळं मला कळत होतं, आणि त्यासाठी मला तिच्यासमोर बसावं लागत नव्हतं. तपासणी वगैरे केव्हाच मागे पडली होती. ससा आत राहिला होता आणि मीच त्याला चारा घालत होतो.

मग मी एक हलकटपणा केला. मैत्रिणीच्या तोंडून माझीच तरफदारी केली. लिहिलं, तुझे अप्पा मनाने चांगले असतील गं, कामाने दमत असतील. दिवसभर उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी तिने एक चित्र पाठवलं, खात्यावर न टाकलेलं. जेवणाच्या ताटावर उचललेला एक हात, तर्जनी वर. अंगठी माझी होती. तिच्या बाकीच्या सगळ्या चित्रांतले हात काही ना काही धरून होते. मी उत्तर म्हणून एक हसरा चेहरा पाठवला.

मधल्या काळात तिने मैत्रिणीला शिकवणीचे वार सांगितले होते, वेळ सांगितली होती, स्टेशनवरून घरी कुठल्या रस्त्याने चालत येते तेही. का सांगू नये? मैत्रीण दर वेळी काळजीने विचारत होती. मी वहीत लिहून घेतलं: नापास. पेपर मीच फोडला आणि तिला नापासही मीच केलं.

व्याख्यान सातव्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी होतं, पहिल्या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये. शनिवारी मुलगी आपणहून म्हणाली, "लॅपटॉपवर मी बसते, अप्पा. तुम्ही बोला, मी स्लाइड पुढे करेन." तमिळमध्येच म्हणाली, पण आपणहून. तीन-चार आठवडे तिला घरात मोकळं वाटत होतं, मी चुका काढत नव्हतो, त्यामुळे असेल. मला इतका आनंद झाला की धोका दिसलाच नाही. तिच्याविषयी मी काही बोलणार नव्हतोच. स्लाइडांमध्ये फक्त यादी होती. तसं मी ठरवलं होतं.

चाळीसेक पालक आले. फिल्टर कॉफी झाली. मी यादी वाचू लागलो आणि दहा मिनिटांत मला दिसलं की निम्मे लोक मांडीवरच्या फोनमध्ये आहेत. मुलांनी फोन कमी वापरावा हे ऐकायला आलेले लोक! मागच्या रांगेतले एक आजोबा सरळ म्हणाले, "सार, हे सगळं फॉरवर्डमध्ये येतंच की. नवीन काय?" माझा पारा चढला. चारचौघांत कोणी मला कमी लेखलं की माझं डोकं कामच करत नाही, ते पुण्याच्या कँटीनपासूनचं आहे. मी म्हटलं, नवीन सांगतो. ओळखीच्या एका घरात मी प्रयोग केला. चांगलं घर, हुशार मुलगी, आईचं पूर्ण लक्ष. एक अनोळखी खातं तिच्या आयुष्यात सोडलं. तीन आठवड्यांत तिने शिकवणीची वेळ आणि घरी यायचा रस्ता सांगितला.

फोन खाली गेले. सगळे बघायला लागले. तिथेच थांबलो असतो तर कदाचित तिला नुसता संशयच आला असता. पण हॉल माझ्या मुठीत आला होता. मी म्हटलं, तुम्हाला कळतं का मुलं कशी अडकतात? त्या मुलीने त्या अनोळखी खात्याला काय लिहिलं ऐका. घरात बोलायच्या आधीच मला भीती वाटते. तू एकटीच मला हसत नाहीस.

हे मी तमिळमध्ये सांगितलं, तिच्या शब्दांचं भाषांतर करून. "अय्यो पावम," पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, बिचारी गं. कोणीतरी डोळे पुसले. मी पुढच्या स्लाइडसाठी हात केला.

स्लाइड आली नाही. मी वळून पाहिलं. ती लॅपटॉपकडे बघत होती, तिचे दोन्ही हात टेबलावर होते. मग तिने एक बोट उचललं आणि बटण दाबलं. स्लाइड आली. त्यानंतरच्या सगळ्या स्लाइडा तिने बरोबर वेळेवर पुढे केल्या, एकही चुकली नाही, अगदी धन्यवादाच्या स्लाइडपर्यंत. मी वीस मिनिटं बोलत राहिलो. मला थांबता आलं असतं. काय बोललो ते मला आजही आठवत नाही.

टाळ्या झाल्या. आमच्याकडे पाहुण्याला पोन्नाडै पांघरतात, जरीकाठाची शाल. सेक्रेटरींनी ती माझ्या खांद्यावर घातली, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. मुलगी लॅपटॉप मिटून जिन्याने वर गेली. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. मी लिफ्टमध्ये शिरलो आणि शाल खांद्यावर असतानाच फोन काढून ते खातं कायमचं पुसून टाकलं. पकडलं जायच्या आत. पुरावा नको म्हणून. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस.

घरात शिरलो तेव्हा ती हॉलमध्ये उभी होती, फोन हातात. मैत्रिणीच्या मांजराच्या जागी राखाडी गोल उरला होता. तिने तो माझ्यासमोर धरला आणि मराठीत विचारलं, "ती तुम्हीच काय?"

मी हो म्हटलं. मग घाईघाईने सुरक्षा, तिसऱ्या इमारतीतली मुलगी, कारखान्यातली रीत, सगळं बोललो. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती. मुलगी मधेच म्हणाली, आता तमिळमध्ये, "म्हणजे ती कधी नव्हतीच?"

मी खांद्यावरची शाल सावरली.

"तिची आजी? तीही नव्हती?"

"नव्हती, कण्णा," मी म्हटलं. बाळा म्हणायचा आमचा शब्द.

ती रडायला लागली. मला वाटलं माझ्यावर रागावून रडतेय, आणि खरं सांगतो, थोडं बरं वाटलं, कारण राग मला समजतो. मी जवळ गेलो तर ती दूर सरकली आणि आईला म्हणाली, "अम्मा, मला हे कोणाला तरी सांगायचंय. आणि असलं सगळं मी तिलाच सांगत होते."

बायको तिला घेऊन आत गेली. मी शाल काढून खुर्चीवर टाकली. कितीतरी वेळाने बायको बाहेर आली आणि मला एवढंच म्हणाली, "माहीत करून घ्यायाचें होतें तर विचारायाचें होतें. ती सांगती नसती तर थांबायाचें होतें. बाप म्हणून दुसरें काय काम आहे?"

मी माफी मागितली. तोंडी मागितली, मग पत्र लिहून मागितली, आमच्या घरच्या मराठीत, पुण्याची एक छटा येऊ न देता. पत्र तिने वाचलं. परत केलं नाही, त्याबद्दल काही बोललीही नाही. मग मला वाटलं, सोसायटीच्या पुढच्या सभेत उभं राहून सांगून टाकावं की तो प्रयोग करणारा आणि ते घर माझंच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे एकदा सगळ्यांसमोर कबूल केलं की मोकळं होता येईल. तिला विचारलं. ती म्हणाली, "म्हणजे परत माझंच सांगणार?" सभेचा बेत मी सोडून दिला. कबुली देण्याचीही हौसच होती ती, आणि तिचा खर्च पुन्हा तिनेच करायचा होता.

वसाहतीत मात्र माझं नाव झालं. लिफ्टमध्ये लोक थांबवून मुलांच्या फोनविषयी विचारतात. मी आता यादी देत नाही. रोज थोडा वेळ मुलाशेजारी बसा म्हणतो, त्याला काय आवडतं ते त्याला दाखवू द्या, आणि दाखवेल तेवढंच बघा. हे माझं नाही, माझ्या बायकोचं आहे, असंही सांगतो. त्यांना वाटतं मी विनयाने बोलतोय.

मुलगी आता सतरा वर्षांची आहे. हात अजून काढते, पूर्वीपेक्षा चांगले. घरात मी मराठीत बोलतो, ती तमिळमध्ये उत्तर देते, भांडण नाही, अबोला नाही, परीक्षेच्या दिवशी नमस्कारही करते. कोणीही परका माणूस तिच्यापर्यंत पोचू शकत नाही. कोणा नवीन माणसाने तिला लिहिलं की ती फोन घेऊन माझ्याकडे येते, पडदा माझ्यासमोर धरते आणि विचारते, हे तुम्ही आहात का? मी नाही म्हणतो. ती थोडा वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघते.

गेल्या महिन्यात सांगलीच्या एका मुलीने तिला लिहिलं. तीही चित्रं काढते. तिने आपल्या आजोबांच्या हातांचं चित्र पाठवलं होतं, शेंगा सोलणारे हात, आणि खाली लिहिलं होतं, तुझी बघून काढलं, कसं झालंय सांगशील का? चित्र फार चांगलं होतं. मुलगी फोन घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी म्हटलं, "मी नाही, कण्णा. सत्तियमा, शपथेवर सांगतो. मला असं चित्र येईल का? ही खरी मुलगी दिसते. आधी अम्माला दाखव, दोघी मिळून खात्री करा, आणि तिला उत्तर दे."

"पुण्याची तीही तुम्ही नव्हतात," ती म्हणाली, "सात आठवडे."

आणि माझ्यासमोर तिने त्या मुलीला ब्लॉक केलं.